नाग नदीचं पाणी जिथं समुद्राला मिळतं: मारेडुमिल्ली ते अंतर्वेदी, दहा दिवस पायी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी आमच्या घरात शिरली. दुपारी पाणी उतरलं. मग दादा आला, आणि आम्ही दोघं फावड्याने बैठकीतला चिखल ओढत होतो. तो मधेच थांबला.

"बाई, हे पाणी आता कुठवर जाईन, सांग बरं."

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. उत्तर तोंडपाठ होतं. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा एकत्र आल्या की प्राणहिता. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात.

"पाठ तं आहे तुले. पायलं आहे का?"

पाहिलं नव्हतं. त्रिभुज प्रदेश म्हणून दरवर्षी फळ्यावर खडूने एक त्रिकोण काढायचा, त्यात तीन-चार नागमोडी रेघा मारायच्या आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. दादाची गोष्ट वेगळी होती. तो १९८६ साली पाटबंधारे खात्यात लागला, पहिली नेमणूक सिरोंच्याला, नंतरची बरीच वर्षं गोसीखुर्द धरणाच्या कालव्यांवर. आयुष्यभर त्याने पाणी अडवलं आणि वळवलं, पण खाली ते कुठे जातं ते त्यानेही पाहिलेलं नव्हतं. सिरोंच्याला घराघरात तेलुगू बोलतात, त्यामुळे त्याला भाषा येते. तो निवृत्त झालाच होता, मग मीही झाले आणि यंदाच्या जानेवारीत आम्ही निघालो.

पापीकोंडलूच्या खिंडीतून गोदावरी पूर्व घाट फोडून बाहेर पडते. तिथून चालत यायचं मनात होतं, पण तो भाग राष्ट्रीय उद्यानात आहे, काठाने सलग वाट नाही, लोक बोटीनेच जातात. म्हणून पूर्वेकडच्या डोंगरातलं मारेडुमिल्ली गाठायचं, रस्त्याने घाट उतरत राजमहेंद्रीला नदी धरायची आणि मग तिच्या सोबतीने समुद्रापर्यंत जायचं असं ठरलं. एकूण सुमारे दोनशे किलोमीटर.

दिवस पहिला: मारेडुमिल्ली

नागपूरहून विजयवाड्यामार्गे राजमहेंद्री, तिथून बसने मारेडुमिल्ली. बस गोकवरम सोडते आणि खिडकीतून डोंगर दिसायला लागतात. या डोंगरी आदिवासी भागाला इकडे सगळे 'एजन्सी' म्हणतात. इंग्रजांच्या कारभारातला शब्द आहे, पण भाजीवाल्या बाईच्या तोंडीही तोच.

संध्याकाळी थंडी नागपूरसारखीच होती, फक्त ओलसर. रस्त्याच्या कडेला निखाऱ्यांवर हिरव्या बांबूची पेरं ओळीने लावलेली होती. हे 'बोंगुलो चिकन'. मसाला लावलेले तुकडे पेरात भरतात, तोंड पानांनी बंद करतात आणि पेर फिरवत फिरवत भाजतात. तेलाचा थेंब नाही. बांबूच्या आतल्या ओलाव्यावर मांस शिजतं. बांबू फोडला की आधी वाफ येते, पावसानंतरच्या जंगलासारखा वास येतो आणि मग कोंबडी दिसते. सावजीच्या झणक्यावर वाढलेल्या आमच्या जिभांना पहिला घास सौम्य वाटला. दुसऱ्यापासून आम्ही बोलणं थांबवलं.

या भागात हिवतापाचे डास आहेत. मच्छरदाणी किंवा अंगाला लावायचं मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे लागतातच. रस्ता सोडून जंगलात शिरू नका, वनखात्याला विचारल्याशिवाय तर नाहीच.

दिवस दुसरा: मारेडुमिल्ली ते रंपाचोडवरम

सुमारे सत्तावीस किलोमीटर, बहुतेक उतार. सकाळी साडेसहाला निघालो तेव्हा धुकं एवढं होतं की दादाची लाल टोपी दहा पावलांवर विरघळत होती. बांबूच्या बेटांतून पाणी टपटपत होतं. आठच्या सुमाराला ऊन आलं आणि सगळी दरी एकदम समोर उघडली, डोंगरामागे डोंगर, प्रत्येक मागचा थोडा अधिक निळा. सह्याद्रीसारखे उभे कडे इथे नाहीत. हे फार जुने, झिजून गोलावलेले डोंगर आहेत. चालणाऱ्याला ते दमवत नाहीत, पण संपतही नाहीत.

एका वळणावर दादा थबकला. उंच, ताडासारखं झाड, पण पानं माशाच्या शेपटीसारखी, आणि शेंड्याला मडकं बांधलेलं.

"हा तं आपला गोरगा!"

गडचिरोलीतले माडिया लोक ज्या झाडाची ताडी काढतात तेच हे. इथे त्याला जीलुगू म्हणतात. झाडाखाली कोंडारेड्डी जमातीचा एक म्हातारा बसला होता. दादाने त्याच्याशी सिरोंच्याच्या तेलुगूत बोलायला सुरुवात केली आणि म्हातारा हसायलाच लागला. त्याला ते तेलुगू फार लांबचं वाटलं. तरी अर्धा तास दोघं बोलत बसले. त्यांच्याकडे झाड वडिलांकडून मुलाकडे येतं, लग्नात पहिलं मडकं कुणाचं ते ठरलेलं असतं, आणि झाड मेलं की घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतं. मी समोरच्या दगडावर बसून दादाच्या तुटक भाषांतरातून ऐकत होते. म्हाताऱ्याने पानाच्या द्रोणात थोडी ताडी दिली. गोडसर, किंचित आंबलेली. दादाने पैसे काढले तर त्याने हात मागे घेतला. मग मी पिशवीतली संत्रा बर्फी दिली, ती त्याने घेतली.

रंपाचोडवरमला पोचेपर्यंत माझ्या डाव्या टाचेवर फोड आला होता. नवे बूट घालून निघाले, ही माझी चूक. निदान महिनाभर वापरलेले बूट घाला, आणि मोज्यांचे तीन जोड ठेवा.

दिवस तिसरा: रंपाचोडवरम ते गोकवरम

'रंपा' हा शब्द आपल्याकडे इतिहासाच्या पुस्तकात 'रंपा बंड' म्हणून एका ओळीत येतो. १८८२ च्या मद्रास वन कायद्याने इथल्या आदिवासींची पोडू शेती, म्हणजे जंगल जाळून करायची फिरती शेती, अडवली गेली. घाटरस्त्यांसाठी त्यांना वेठीला धरलं जात होतं. १९२२ च्या ऑगस्टमध्ये अल्लुरी सीताराम राजूंच्या नेतृत्वाखाली या लोकांनी चिंतापल्ली, कृष्णदेवीपेटा आणि राजवोम्मंगी ही पोलीस ठाणी लागोपाठ लुटून बंदुका नेल्या. दोन वर्षं इंग्रज त्यांच्यामागे फिरत होते. मे १९२४ मध्ये राजूंना पकडून गोळी घातली. गावोगावी त्यांचे पुतळे आहेत, हातात धनुष्य, अंगावर भगवं. मला त्या पुतळ्यांसमोर इंग्रजांशी लढलेल्या आमच्या चंद्रपूरकडच्या बाबुराव शेडमाकेंची आठवण येत राहिली. त्यांना १८५८ मध्ये चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. प्राणहितेच्या वरच्या अंगाचं जंगल आणि हे खालचं, दोन्हीकडे भांडण एकाच गोष्टीवरून झालं: जंगल कुणाचं?

भूपतिपालेमच्या जलाशयापाशी दादा बराच वेळ उभा राहिला. सांडवा पाहिला, भिंत पाहिली, कालव्याचं तोंड पाहिलं. "चांगलं काम आहे," एवढंच म्हणाला.

गोकवरमच्या अलीकडे एक नवी वसाहत लागली. सारखी घरं, सरळ गल्ल्या, झाडं अजून गुडघ्याएवढी. पोलावरम धरणासाठी नदीकाठावरून उठवलेले लोक इथे राहतात. पाणी मागायला एका दारात थांबलो. बाई पन्नाशीची असेल. तिने पाणी दिलं, मग ताकही दिलं. घर कसं आहे असं दादाने विचारलं. घर पक्कं आहे, ती म्हणाली, रस्ता आहे, दवाखाना जवळ आहे. मग थोडं थांबून म्हणाली की रात्री झोप लागत नाही, कारण नदीचा आवाज नाही.

दादाने गोसीखुर्दच्या वेळी अशा वसाहतींचे कागद केले होते. तिथून निघाल्यावर पुढचे पाच-सहा किलोमीटर तो एक शब्द बोलला नाही. मीही नाही.

दिवस चौथा आणि पाचवा: कोरुकोंडामार्गे राजमहेंद्री

डोंगर संपले. सपाटी, ताडाची झाडं, कापून झालेली भातशेतं आणि ऊन. अकरानंतर चालवत नाही, म्हणून पहाटे पाचला निघून दुपारी मुक्काम करायचा असा नेम केला, तो शेवटपर्यंत पाळला. तुम्हीही पाळा.

या दोन दिवसांत नवं काही मिळालं असेल तर 'तेगलू'. ताडाचं बी मातीत पुरतात, त्याला लांब कोंब फुटतो, तो भाजून जुड्या बांधून रस्त्यावर विकतात. साल सोलायची आणि मुळ्यासारखा चावत चालायचं. चव रताळं आणि कच्चा शेंगदाणा यांच्या मधली. ताडगोळे आपल्याला उन्हाळ्यात माहीत, पण त्याच झाडाचं थंडीतलं खाणं मी पहिल्यांदा चाखलं. आणि जेवणात रोज गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडी. खानावळीतल्या मुलाला मी खुणेने सांगितलं की आमच्या घरीही हीच भाजी असते, तर त्याने परत आणून वाढली.

कोरुकोंड्याला टेकडीवर नरसिंहाचं जुनं देऊळ आहे. पायऱ्या उभ्या आहेत. टाचेमुळे मी खालीच बसले, दादा जाऊन आला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी राजमहेंद्रीच्या पुष्कर घाटावर पहिल्यांदा गोदावरी समोर आली. मी नाशिकला तिला पाहिलं होतं, पैठणला पाहिलं होतं. ही ती नव्हे, असंच वाटलं. पलीकडचा काठ म्हणजे नुसती एक रेघ. वर तीन पूल. जुना हॅवलॉक पूल १९०० साली सुरू झाला आणि १९९७ पासून निवृत्त उभा आहे, त्याच्या शेजारी कमानींचा नवा रेल्वेपूल, आणि थोडा दूर वर रस्ता व खाली रूळ असलेला दुमजली पूल. आगगाडी जाताना घाटावरच्या बायका नाणी काढून पाण्यात टाकत नमस्कार करत होत्या.

याच काठावर अकराव्या शतकात नन्नय्या या कवीने तेलुगू महाभारताला सुरुवात केली. आणि इथेच १८८१ च्या डिसेंबरात समाजसुधारक कंदुकुरी वीरेशलिंगम यांनी तेलुगू मुलखातला पहिला विधवाविवाह लावला. हे वाचलेलं होतं. पण घाटावर बसल्यावर वाटलं, एवढ्या रुंद पाण्याशेजारी राहणाऱ्या माणसांना धीर थोडा जास्त येत असावा.

गावातलं रोझ मिल्क प्या. नुसत्या रंगीत दुधापेक्षा ते फार वेगळं, घट्ट आणि गार.

दिवस सहावा, भोगी: धवळेश्वरम ते आत्रेयपुरम

पहाटे चारला लॉजच्या खिडकीत उजेड दिसला. खाली चौकात भोगीची आग पेटली होती. मोडक्या खुर्च्या, झाडू, जुनी लाकडं टाकून लोक भोवती शेकत उभे होते. आमच्या होळीसारखंच, पण शिमगा नाही, आवाज नाही. एका आजीने मला हात धरून आगीजवळ ओढलं. मग आम्ही तिथूनच निघालो.

धवळेश्वरम शहराला जवळजवळ लागूनच आहे. इथे त्रिभुज प्रदेशाचं टोक. उतार संपतो, नदीचा वेग मोडतो, बरोबर आणलेला गाळ ती टाकते आणि त्याच गाळाला वळसे घालत फुटते: डावीकडे गौतमी, उजवीकडे वसिष्ठा. माझ्या फळ्यावरच्या त्रिकोणाचा वरचा कोन तो हा. मी बॅरेजच्या रस्त्यावर उभी राहून खरोखर हाताने हवेत तो त्रिकोण काढला.

दादाचं तीर्थ मात्र वेगळं होतं. आर्थर कॉटन या अभियंत्याने १८४७ ते १८५२ या काळात इथे बांध घातला. नदीतल्या बेटांचा आधार घेत चार तुकड्यांत, मिळून सुमारे साडेतीन किलोमीटर. त्याआधी या भागात दुष्काळ आणि वादळं यांनी माणसं किड्यामुंगीसारखी मेली होती. नंतर इथे भाताची दोन पिकं आली. जुन्या बांधाच्या जागी आता नवा बॅरेज आहे, पण कॉटन गावोगावी घोड्यावर बसलेला दिसतो, गळ्यात ताजा हार. स्नानाच्या संकल्पात काही पुरोहित त्याला भगीरथ म्हणून स्मरतात, असं घाटावर कळलं होतं. त्याच्या नावाच्या संग्रहालयात दादा दोन तास होता. जुनी यंत्रं, नकाशे, प्रत्येकापुढे थांबत. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "पाह्य, आमच्या कोण्या साहेबाले शेतकऱ्यानं हार घातला असन का? त्यानं पाणी शेतात पोचवलं न बाई. आमचं निम्मं कागदावर रायलं."

बॅरेज ओलांडताना मधे पिचुकलंका, बोब्बरलंका अशी बेटं लागतात. लंका म्हणजे नदीतलं बेट. बोब्बरलंकेला चहाच्या टपरीवर एक वृद्ध शेतकरी भेटले. कुठून आलात, असं विचारल्यावर दादाने सिरोंच्याचं नाव काढलं. वृद्धाने लगेच विचारलं, "ऐंशी-सहा?"

ऑगस्ट १९८६ चा गोदावरीचा पूर. भद्राचलमला पाणी ७५.६ फुटांवर गेलं होतं आणि धवळेश्वरमहून ३५ लाख क्युसेकवर पाणी सुटलं होतं. दादा तेव्हा तेवीस वर्षांचा, नोकरीला काही महिनेच झालेले. सिरोंच्याला रात्रभर कंदील घेऊन पट्टी वाचायची आणि दर तासाला आकडा खाली कळवायचा, हे त्याचं काम. आणि हे आजोबा तेव्हा लंकेतल्या नारळावर दोन दिवस दोरीने स्वतःला बांधून बसले होते, धाकट्या भावाला मांडीत घेऊन. ते सांगत होते, दादा ऐकत होता, मधेच तोही सांगत होता. कोणत्या रात्री आकडा एकदम चढला, कोणत्या पहाटे म्हशी वाहत गेल्या. दोघांच्या तारखा जुळत होत्या, मधे दोन दिवसांचं अंतर. तेवढाच वेळ त्या पाण्याला खाली यायला लागला होता. चाळीस वर्षं दादाने तो आकडा एक आकडा म्हणून लक्षात ठेवला होता. उठताना त्याने त्या आजोबांच्या पायाला हात लावला.

आत्रेयपुरमला कालव्याच्या काठाने पोचलो. हे पूतरेकुलूचं गाव. उलट्या मडक्याखाली जाळ, वर तांदळाच्या पातळ पिठात बुडवलेलं फडकं एकदाच फिरवायचं, क्षणात कागदासारखा पापुद्रा सुटतो. त्यात तूप आणि पिठीसाखर किंवा गूळ घालून घडी. २०२३ मध्ये याला भौगोलिक मानांकन मिळालं. मडक्यासमोर बसलेल्या बाईने मलाही एकदा फडकं फिरवू दिलं. माझा पापुद्रा फाटला, तिने तो मलाच भरवला.

त्याच घरी संध्याकाळी नातवाला पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरं, फुलं, नाणी, उसाचे करवे ओतले. "अगं, हे तर बोरन्हाण!" मी मोठ्याने म्हणाले. त्यांना शब्द कळला नाही, पण बोरांची मूठ माझ्या हातात दिली. भाषा न येता मी त्या दिवशी सगळ्या बायकांत होते.

दिवस सातवा, संक्रांत: रियाली, रावुलपालेम, कोत्तपेटा

रियालीच्या देवळात एकाच काळ्या शिळेत पुढून विष्णू आणि मागून मोहिनी कोरलेली आहे. पुजारी मागे नेऊन दिव्याने वेणी, खांदे, पाठ दाखवतात. घाईने जाऊ नका.

त्या दिवशीचा रस्ता म्हणजे वीस किलोमीटर रांगोळ्या. प्रत्येक दारात, कधी रस्त्याच्या मध्यापर्यंत. शेणाच्या गोळ्यांत झेंडूची फुलं खोवून मांडलेली. झूल पांघरलेला गंगिरेद्दू दारोदार मान हलवत होता, सनई वाजत होती. आमचा नंदीबैलच. एकच गोष्ट मला सहन झाली नाही. शेतात मांडव घालून कोंबड्यांच्या झुंजी चालल्या होत्या, पायाला सुऱ्या बांधून, नोटांच्या गड्ड्या फिरत. कायद्याने बंदी आहे, गर्दी हजारोंची. आम्ही लांबून वळलो.

आणि इथे आमचं गणित चुकलं. संक्रांतीला इकडे लेकी-जावई माहेरी येतात, लॉज भरलेले, खानावळी बंद. एका लॉजवाल्याने आधी कबूल केलेली खोली दुसऱ्याला देऊन टाकली होती. उन्हात दोन तास फिरलो. शेवटी औषधाच्या दुकानात टाचेसाठी पट्टी घेताना दुकानदाराने विचारपूस केली आणि सरळ घरी नेलं. त्याच्या घरी नवा जावई आला होता आणि केळीच्या पानावर एवढे पदार्थ होते की मी मोजणं सोडलं. आपल्या धोंड्याच्या महिन्यातला जावईही इथे लाजला असता. बोब्बट्लू म्हणजे पुरणपोळी, अरिसेलू म्हणजे अनारशाची चुलतबहीण, सुन्नुंडलू म्हणजे उडदाचे लाडू, पुलिहोरा म्हणजे चिंचेचा भात. मी तिळगूळ काढला आणि सगळ्यांना हातावर ठेवत म्हटलं, "तिळगूळ घ्या, गोड बोला." गृहिणीने अर्थ विचारला. दादाने सांगितला. ती म्हणाली, हे आमच्याकडे पाहिजे होतं.

संक्रांतीचे चार दिवस मुक्काम आधी पक्के करा, पैसे आगाऊ देऊन पावती घ्या.

दिवस आठवा, कनुमा: जग्गन्नतोटा

मोसलपल्लीजवळच्या नारळाच्या बागेत अकरा गावांचे अकरा रुद्र या दिवशी भेटतात. याला प्रभल तीर्थम म्हणतात. बांबूचा उंच कमानदार सांगाडा, त्यावर रंगीत कापडं, दोऱ्यांच्या नक्ष्या, मोरपिसं, घंटा. हीच 'प्रभा'. माणसं ती खांद्यावर घेऊन निघतात. सरळ शेतातून. हिरवं भात तुडवलं जातं आणि शेतकरी बांधावर हात जोडून उभा असतो, देव शेतातून गेला म्हणून. मग कालवा येतो. छातीएवढ्या पाण्यात उतरून, घोषणा देत, एवढी मोठी प्रभा न कलू देता पलीकडे चढवतात. मी श्वास धरून उभी होते. माझ्या शेजारची मुलगी रडत होती, तिचा भाऊ खांदा देणाऱ्यांत होता.

कालवा सपाटीतला, बांबू डोंगरातला, आणि देव शंकर. वाटेत ज्या गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या त्या इथे एकाच खांद्यावर होत्या.

दिवस नववा: अंबाजीपेटा, पी. गन्नवरम, राजोलू

या जिल्ह्याचं नाव डॉ. बी. आर. आंबेडकर कोनसीमा. २०२२ मध्ये झालेला नवा जिल्हा. दीक्षाभूमीच्या गावाहून आलेल्या आम्हाला प्रत्येक पाटीवर ते नाव वाचताना बरं वाटत होतं, आणि ते नाव देताना इथे जाळपोळ झाली होती हेही आठवत होतं.

अंबाजीपेटा म्हणजे नारळाचा बाजार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोललेल्या नारळांचे डोंगर. पुढे गन्नवरमला वैनतेया या फाट्यावरून कालवा पुलाने पलीकडे जातो. खाली नदी, वर कालव्याचं पाणी. शेजारी एकोणिसाव्या शतकातला जुना जलसेतू, कमानी अजून उभ्या. नव्या जलसेतूला नाव आहे डोक्का सीतम्मा यांचं. या बाई (१८४१ ते १९०९) याच भागात राहिल्या. नदी ओलांडून येणाऱ्या कुणालाही, वेळ कोणतीही असो, जात न विचारता त्यांनी आयुष्यभर जेवू घातलं. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी त्यांचं छायाचित्र मागवलं होतं, असं इथे सगळे सांगतात. आंध्रातल्या शाळांच्या मध्यान्ह भोजनालाही २०२४ पासून त्यांचंच नाव आहे. मी शाळेत कित्येक वर्षं खिचडीच्या पातेल्यापाशी उभी राहिलेली बाई. पुलाच्या पाटीला मी हात लावला.

दिवस दहावा: अंतर्वेदी

राजोलूपासून पुढे नारळ विरळ होतात आणि कोळंबीची तळी सुरू होतात. पाण्यावर फिरणारी चक्रं, हवेत खारट वास. भाताची शेतं तळी झाली की शेजारच्या शेतातही खार उतरतो, असं वाटेतल्या दोघा-तिघांनी सांगितलं. तेच तळ्यावर मजुरीलाही जातात.

दुपारी अंतर्वेदीला नरसिंहाचं दर्शन घेतलं, दीपस्तंभ मागे टाकला आणि वसिष्ठा समुद्राला मिळते त्या वाळूवर आलो. मधे पाण्यात एक रेघ दिसत होती. अलीकडे मातकट, पलीकडे हिरवट. दादाने बूट काढले आणि त्या रेघेच्या दिशेने गुडघाभर पाण्यात गेला.

एक कोळी जाळं दुरुस्त करत होता. त्याने दाखवलं, त्याच्या लहानपणी किनारा तिथे होता, आता लाटा मोडतात त्याच्याही पलीकडे. सरूची झाडं गेली, एक रस्ता गेला. नदी पूर्वीएवढी माती आणत नाही, तो म्हणाला. वरची धरणं अडवतात.

दादा परत येऊन वाळूत बसला. "पस्तीस वर्षं गाळाचे आकडे लिहिले म्या. धरण किती वर्षं टिकन, त्यासाठी. तो गाळ खाली कोणाले पायजे आहे, असा रकानाच नव्हता कागदात."

परतीसाठी सखिनेटिपल्लीहून नरसापूरला पंटू मिळतो, म्हणजे माणसं, मोटारसायकली, म्हशी सगळ्यांना पलीकडे नेणारी सपाट नाव. नरसापूरला रेल्वे आहे. संध्याकाळी अंधार पडायच्या आत धक्क्यावर या.

निघताना त्या कोळ्याने दादाला विचारलं, तुमच्या गावाला नदी आहे का? दादा म्हणाला, आहे, लहान आहे, पण हिच्यातच येते. कोळ्याने जाळ्याची गाठ मारली आणि आणखी काही विचारलं. दादा गप्प राहिला. भाषांतर त्याने केलं नाही, पण दहा दिवसांत 'चेपलू' हा शब्द मलाही कळायला लागला होता. तो विचारत होता, तिच्यात मासे कोणते मिळतात.